१/२४ मापाचा मॉडेल ट्रक: चॅसी (खालचा सांगाडा) लांब करणे, आणि जुलैतला रंग

दादरकर: युरोपियन ट्रकच्या किटातून आपला लाकडी हौद्याचा मालट्रक करायचाय. खऱ्या मापात मीटरभर लांबी हवी. चॅसी कशी जोडू? मुंबईच्या या हवेत लॅकर (थिनरमधला झटपट वाळणारा रंग) मारावा का?

फेव्हिक्विकबंदी: १००० भागिले २४, म्हणजे ४१.७ मिमी. चॅसीच्या दोन्ही लांब पट्ट्या सरळ आडव्या कापू नका, वजनाने सांधा तिथेच वाकतो. पायरीसारखा काप घ्या, प्रत्येक सांध्याला आतून १ मिमी स्टायरीनची (प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्याची) ४० मिमी पट्टी लावा. प्लॅस्टिक वितळवणारं सिमेंटच वापरा. सुपरग्लू ठिसूळ, धक्क्याने सुटतो. काचेवर ठेवून २४ तास हात लावू नका. ड्राइव्हशाफ्टही (मागची चाकं फिरवणारा दांडा) तेवढाच वाढवा, नाहीतर मधेच लोंबेल!

हौदेवाला: हौद्याच्या फळ्यांना आइस्क्रीमची काडी १० मिमी रुंद, म्हणजे २४ सेंमीची फळी. फारच रुंद दिसते. कॉफी ढवळायची ६ मिमीची काडी बरी. युरोपियन किटातलं डावं स्टिअरिंग उजवीकडे नेताना वायपरही उलट बाजूला वळवायला विसरू नका, बहुतेक तेच चुकतात.

दादरकर: आणि रंग?

फेव्हिक्विकबंदी: लॅकरमधला थिनर झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतलं बाष्प त्यावर जमून पांढरट झाक येते. एसीच्या खोलीत, रिटार्डर (थिनर उडणं हळू करणारा द्रव) मिसळून, पातळ हात द्या. झाक आलीच तर वरून रिटार्डर-थिनरचा हलका फवारा, बहुधा निघते. डिकलआधी (पाण्यात भिजवून लावायची छापील चित्रं-अक्षरं) ग्लॉस, म्हणजे चकचकीत थर हवाच, खरबरीत मॅटवर हवा अडकून कडा चंदेरी दिसतात.