ऑफिसच्या लॅपटॉपवर पेन ड्राइव्हवरून लिनक्स: कोणता घेऊ? बजेट ६०० रुपये

बार्शीची_आई
नमस्कार मंडळी. मुलगी बारावीला आहे, आयटी विषय घेतलाय. जावास्क्रिप्ट आणि पीएचपी, म्हणजे वेबपानं बनवायच्या भाषा, घरी करून बघायचंय म्हणते, पण घरात कॉम्प्युटर नाही. ऑफिसचा लॅपटॉप मी रोज घरी आणते. त्यात काही इन्स्टॉल करायला गेलं की अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागतो, पेन ड्राइव्ह लावला तर उघडतच नाही. एक सहकारी म्हणाला, पेन ड्राइव्हवर लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली, टाकून मशीन त्यावरूनच सुरू करायचं, विंडोजला हातही लागत नाही. कोणता पेन ड्राइव्ह घेऊ, आणि कोणतं लिनक्स? ६०० च्या वर जमणार नाही, क्लासची फी नुकतीच भरली आहे.

कोकणकडा७७
पेन ड्राइव्हच्या नादी लागू नका. मी २५६ जीबीची एनव्हीएमई, म्हणजे वेगवान छोटी डिस्क, आणि तिची केस घेतली, साडेतीन हजारांत काम झालं. दोन वर्षं त्यावर उबुंटू नावाचं लिनक्स चालवतोय, आतल्या डिस्कवर आहे की बाहेरच्या, कळत नाही.

बार्शीची_आई
दादा, ६०० म्हटलंय मी.

लेखापाल_लातूर
माझं झालेलं सांगतो म्हणजे तुमचं होणार नाही. असाच ऑफिसचा लॅपटॉप, असाच पेन ड्राइव्ह. बूट होईना, म्हणजे सुरू होईना, म्हणून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये) जाऊन सिक्युअर बूट, म्हणजे बिनसहीचं काही सुरू होऊ न देणारा पहारा, बंद केलं. लिनक्स सुरू झालं, खूश झालो. सोमवारी सकाळी ऑफिसात विंडोज चालू केलं तर निळा पडदा, डिस्कला कुलूप घालणाऱ्या बिटलॉकरची ४८ आकडी रिकव्हरी की मागतोय. ती की मुंबईच्या ऑफिसकडे. तीन दिवस हात बांधून बसलो, तेही मार्चएंडला. सिक्युअर बूटला हात लावू नका.

मुक्तस्रोत_मिरज
सिक्युअर बूट बंद करायची गरजच नव्हती. उबुंटू, फेडोरा, डेबियन यांची सुरुवातीची फाइल मायक्रोसॉफ्टच्या सहीची असते, त्यामुळे सिक्युअर बूट चालू ठेवूनही ती सुरू होतात. पपी वगैरे छोटी लिनक्स तिथे अडू शकतात. नुसतं "लिनक्स" नका म्हणू, कुठलं ते सांगा. आणि एमएक्स लिनक्स बघा. त्यात पेन ड्राइव्हवर केलेले बदल जपायची सोय मुळातच आहे.

सिस्टिमवाला_नाशिक
मी दिवसभर हेच काम करतो, म्हणून कळकळीने लिहितोय. पेन ड्राइव्ह उघडत नाही हा विंडोजमध्ये घातलेला नियम आहे. मशीन पेन ड्राइव्हवरून सुरू केलं तर विंडोज जागंच होत नाही, मग तो नियम लागू होत नाही. सहकाऱ्याचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. पण ज्याने तो नियम घातला त्याच्या दृष्टीने तुम्ही कुलूप चुकवून मागच्या दाराने आत गेलात. घरातली गरज खरी असली तरी चौकशीत ती कोणी विचारत नाही. आधी लेखी परवानगी मागा. "नाही" म्हणाले तर विषय संपला. बायोसला पासवर्ड असेल तर तसाही संपला.

लेखापाल_लातूर
हेच. परवानगी. मी घेतली नव्हती.

घाटमाथा
बारा-पंधरा हजारांत सेकंडहँड थिंकपॅड मिळतो. मुलीच्या शिक्षणाला एवढा खर्च करायलाच हवा. मी माझ्या मुलाला घेऊन दिला, आज तो पुण्यात नोकरीला आहे.

बार्शीची_आई
घ्यायला आवडेल, पण या वर्षी नाही.

विदर्भी_वऱ्हाडी
लिनक्स नाही हो, लायनक्स म्हणा. आमचे कॉलेजचे सर लायनक्सच म्हणायचे.

मुक्तस्रोत_मिरज
लिनक्स बनवणाऱ्या टॉरवाल्ड्सने स्वतः उच्चार रेकॉर्ड करून ठेवलाय, तो "लिनक्स"च्या जवळचा आहे. १९९१ च्या ऑगस्टमध्ये ज्याने जाहीर केलं त्याचं तरी ऐका.

विदर्भी_वऱ्हाडी
आपण फिन्निश थोडेच आहोत? मराठीत जे रूढ झालं ते झालं.

सिस्टिमवाला_नाशिक
धागा ताईंचा आहे, मंडळी.

दुकानदार_पंढरपूर
पेन ड्राइव्हबद्दल. पाचशे रुपयांत "१ टीबी" दिसला तर घेऊ नका. आत ८ नाहीतर १६ जीबीची चिप असते, फाइली वर वर दिसतात आणि उघडताना खराब निघतात. माझ्याकडे असे रडत आलेले लोक पाहिलेत, लग्नाचे फोटो गेलेले. नावाजलेल्या कंपनीचा ३२ किंवा ६४ जीबीचा, यूएसबी ३ चा घ्या. घेतला की लगेच पूर्ण भरून तपासा. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू, लिनक्सवर एफ३.

कोकणकडा७७
म्हणूनच एनव्हीएमई म्हटलं. पेन ड्राइव्ह सारखं लिहून लिहून लवकर मरतो.

शिकवणी_सांगली
आयटी शिकवते म्हणून एक सांगू का? पीएचपीसाठी झॅम्प, म्हणजे सर्व्हरचा तयार मोठा संच, बसवायचा हट्ट नका धरू. पीएचपीच्या पोटातच छोटा सर्व्हर आहे, ५.४ आवृत्तीपासून. आधी पीएचपी-सीएलआय हे पॅकेज बसवायचं. मग टर्मिनलमध्ये मुलीच्या फोल्डरमध्ये जाऊन पीएचपी, एक जागा, उणे चिन्ह, त्याला चिकटून कॅपिटल एस, पुन्हा जागा, लोकलहोस्ट, दोन ठिपके, ८०००, आणि एंटर. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, दोन ठिपके, ८००० टाकलं की पान दिसतं. जावास्क्रिप्टला तर नुसता ब्राउझर आणि साधा एडिटर पुरतो.

आणि बदल जपण्याची सोय, म्हणजे पर्सिस्टन्स, आधीच लावून घ्या. नाहीतर मशीन बंद केलं की पीएचपीही गेलं आणि मुलीचं कामही. माझ्या दोन विद्यार्थ्यांचं असंच गेलं.

मुक्तस्रोत_मिरज
उबुंटूच्या जातीची लिनक्स रुफसने (विंडोजवरून पेन ड्राइव्ह तयार करायच्या प्रोग्रॅमने) टाकताना पर्सिस्टन्सची एक पट्टी दिसते, ती सरकवायची. पण रुफसला अ‍ॅडमिनचे हक्क लागतात, त्यामुळे ते ऑफिसच्या लॅपटॉपवर होणार नाही. दुसऱ्याच्या मशीनवर करून घ्या. आणि एमएक्सच घ्या.

रात्रपाळी
घड्याळाचं कोणी बोललं नाही. असं पेन ड्राइव्हवरचं लाइव्ह लिनक्स चालवून परत विंडोजमध्ये गेलात तर वेळ साडेपाच तास मागे दिसू शकते. लिनक्स मशीनच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ धरतं, विंडोज आपली. माझ्या ऑफिसात हजेरीच्या नोंदी त्यामुळे उलटसुलट झाल्या.

बार्शीची_आई
सगळ्यांचे आभार. काल साहेबांना विचारलं, त्यांनी सरळ नाही म्हटलं. बरं झालं आधी विचारलं. लॅपटॉपला आता हात लावणार नाही.

पण नणंदेच्या घरी पोटमाळ्यावर एक डेस्कटॉप पडून होता, हार्ड डिस्क गेली म्हणून. ४ जीबी रॅम आहे. पेन ड्राइव्हवरूनच चालणार असेल तर हार्ड डिस्क हवीच कशाला, असं मनात आलं आणि तो रिक्षात घालून आणला. ३२ जीबीचा पेन ड्राइव्ह ४२० ला मिळाला, दुकानातच भरून तपासला. एमएक्स नाही घेतलं. सहकाऱ्याला लुबुंटू, म्हणजे उबुंटूचंच हलकं रूप, येतं, अडलं तर तो शेजारीच बसतो, म्हणून त्यालाच रुफसवर पट्टी सरकवून करून द्यायला सांगितलं. सुरू व्हायला चार मिनिटं लागतात. काल रात्री मुलीने पाढ्याचं पान केलं, बंद करून पुन्हा लावलं, तर जिथल्या तिथे. शिकवणी ताई, तुमची ओळ तिने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलीय.

कोकणकडा७७
आता त्यात हार्ड डिस्कच्या जागी एक सॅटा एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, टाका, चार मिनिटांचे वीस सेकंद होतील.

शिकवणी_सांगली
फार छान वाटलं. आठवड्यातून एकदा तिचं फोल्डर दुसरीकडे उतरवून ठेवा, पेन ड्राइव्ह सांगून जात नाही. मधे वीज गेली तर तो ओढून काढू नका, वीज आल्यावर मशीन नीट सुरू करून मग बंद करा.

बार्शीची_आई
दर रविवारी उतरवते. आमच्याकडे वीज मंगळवारी जाते.