'जंक्शन टेंपरेचर'ला मराठीत काय लिहू?

शिरोलीकर: फाउंड्रीतल्या इंडक्शन भट्टीच्या पॅनेलसाठी मराठीत सूचना लिहितोय. आयजीबीटी म्हणजे मोठा करंट चालू-बंद करणारा अर्धवाहक स्विच; त्याच्या जंक्शनचं, म्हणजे चिपमधल्या थरांच्या जोडाचं तापमान थेट मोजता येत नाही, अंदाजानं काढावं लागतं, एवढंच सांगायचंय. 'संधितापमान' लिहिलं, तर मेंटेनन्सचा पोरगा म्हणाला, संधिवातातलं का? 'आतलं तापमान' लिहिलं, तर त्यानं पॅनेलच्या आतलं धरलं.

उद्यमनगर: जंक्शनच ठेवा की. मिरज जंक्शन सगळ्यांना कळतं.

मास्तरीण: मी कॉलेजात 'संधी'च शिकवते, मुलांना कळते. नकोच असेल तर 'सांधा' म्हणा, घरातलाच शब्द आहे.

वाइंडिंगवाला: मॅडम, सांधा म्हटलं की आम्ही सोल्डरचा धरणार! चिपखाली सोल्डरचा थर असतोच. त्याला भेगा पडल्या की उष्णता बाहेर यायला अडते. जंक्शन तापलेलं असतं आणि कागदावरचा आकडा कमीच दिसतो. दोन्हींना एक शब्द अजिबात चालणार नाही.

शिरोलीकर: बरोबर. हिशेब असा दिलाय: केस, म्हणजे आयजीबीटीचं बाहेरचं कवच, 85 अंश, आत जिरणारी वीज 200 वॅट, औष्णिक रोध, म्हणजे उष्णता बाहेर यायला होणारा अडथळा, वॅटला 0.15 अंश. म्हणजे 30 अंश वर, जंक्शन 115.

मास्तरीण: मग याला 'अंदाज' का म्हणता? हे अनुमान. डोंगरावर धूर दिसला, म्हणजे तिथं अग्नी आहे, हे न्यायशास्त्रातलं उदाहरण तंतोतंत हेच. मुख्य करंट थांबवून बारीक करंट सोडला, की तापमानाच्या वाढत्या दर अंशाला आयजीबीटीवरचं व्होल्टेज साधारण 2 मिलिव्होल्टनं उतरतं. त्यावरून तापमान ओळखायचं. इथं व्होल्टेज हाच धूर.

उद्यमनगर: 'अनुमान' पोरं वाचणार नाहीत. अंदाज फारसी असला म्हणून परका होत नाही. मूळ अर्थ फेकणं, म्हणून तर गोलंदाज, तिरंदाज.

मास्तरीण: तेच म्हणते मी! फेकलेला आकडा आणि काढलेला आकडा यांत फरक नको?

वाइंडिंगवाला: आमच्याकडं तिसराच शब्द आहे, अदमास. गुऱ्हाळात गुळव्या पाकाचा थेंब पाण्यात टाकतो, बोटानं गोळी वळून बघतो, मगच काहील उतरवायला सांगतो. थर्मामीटर नसतो, पण त्याला कुणी फेकणं म्हणेल का?

उद्यमनगर: गुळव्याचा तो अदमास नव्हे, पारख. अदमास वजनाचा असतो.

वाइंडिंगवाला: वजनाचाच कुठनं काढलात? आमच्या गावात विहिरीच्या पाण्याचासुद्धा अदमासच घेतात.

शिरोलीकर: पुस्तिका शनिवारी छापायला द्यायची आहे. जंक्शनचं काय करू?

मास्तरीण: पाण्याचा अदमास मीही ऐकलाय, पण तो खोलीचा. विहिरीत दोर सोडून घेतात तो.