गळीत हंगामात रात्री उसाची ट्रॉली आधीच कशी ओळखावी?

प्रश्न:
गळीत हंगाम सुरू झाला की पुण्याहून शिरोळ तालुक्यातील गावी जाताना महामार्ग सोडल्यानंतरचा टप्पा मला सर्वांत अवघड वाटतो. दिवे नसलेली उसाची ट्रॉली अगदी जवळ गेल्यावर दिसते आणि समोरून एखादे वाहन प्रखर दिवे लावून येत असेल, तर तेवढीही दिसत नाही. पुढे ट्रॉली असणार हे कोणत्या खुणांवरून ओळखावे? रात्रीचा प्रवास टाळणे नेहमी शक्य होत नाही, म्हणून जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर, ऊस उत्पादक शेतकरी:
पहिली खूण डांबरावरच असते. पाचट आणि उसाची ताजी कांडकी पडलेली दिसली, तर भरलेली ट्रॉली नुकतीच पुढे गेली आहे असे धरावे. चाकांचा ओला चिखल रस्त्यावर आलेला असेल, तर जवळच्या पाणंदीतून ट्रॅक्टर बाहेर पडत आहेत. काच थोडी खाली ठेवल्यास ट्रॅक्टरचा आणि त्यावर लावलेल्या गाण्यांचा आवाज ट्रॉली दिसण्याआधी ऐकू येतो. मागे लाल दिवा किंवा रिफ्लेक्टर असेल या भरवशावर राहू नये, कारण ते असले तरी बाहेर आलेल्या उसाने झाकले जातात. त्याऐवजी पुढचे वाहन कारण नसताना उजवीकडे सरकते आहे का, समोरच्या उजेडात मध्येच काळा चौकोन उभा राहतो आहे का, याकडे लक्ष द्यावे. समोरून येणारा एकच दिवा दुचाकीचा असेलच असे नाही. दुसरा दिवा बंद असलेला ट्रॅक्टरही तसाच दिसतो. पंक्चर झालेल्या ट्रॉलीच्या चाकांना लावलेले दगड तर ती निघून गेल्यावरही कित्येकदा रस्त्यातच राहतात, आणि आम्हा ट्रॅक्टरवाल्यांनी ही सवय सोडायलाच हवी.

उत्तर, मोटार ड्रायव्हिंग प्रशिक्षक:
वरील खुणा अचूक आहेत, परंतु वेग जास्त असेल तर त्या ओळखूनही हाती वेळ उरत नाही. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर जाते. धोका लक्षात येऊन ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद गेला, तर ३३ मीटर तिथेच संपतात आणि कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी साधारण ३५ मीटर लागतात. खाली केलेल्या दिव्यांत काळपट वस्तू ४०-५० मीटरपलीकडे दिसणे कठीण असते. ताशी ६० ला हेच एकूण अंतर सुमारे ४५ मीटरवर येते, म्हणून दिवे खाली असताना त्याहूनही थोडा कमी वेग ठेवावा. रस्ता मोकळा असेल तेव्हा दिवे वर ठेवावेत. समोरून वाहन येताच ते खाली करून ॲक्सिलरेटर सोडावा आणि त्या उजेडाकडे न पाहता डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर नजर ठेवावी.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. चढावर ट्रॉलीच्या मागे अडकल्यास काय करावे?

उत्तर, ऊस उत्पादक शेतकरी:
मागे चिकटून मुळीच थांबू नये. जास्त ओझ्याने ट्रॅक्टरची पुढची चाके उचलली जातात आणि जोडणीची पिन तुटली, तर ट्रॉली सरळ मागे येते. भरपूर अंतर ठेवून चढ संपू द्यावा. ओलांडतानाही मागच्या ट्रॉलीपुढे दुसरी ट्रॉली जोडलेली आहे असे गृहीत धरूनच, समोरचा रस्ता लांबवर मोकळा दिसल्यावर बाहेर निघावे.