१२३४५६७८९८७६५४३२१ : दहाव्या पायरीला डौल का मोडतो?

प्रश्न
माझ्या सातवीतल्या मुलीने काल चौकटीच्या वहीत नऊ एकांच्या संख्येचा, म्हणजे १११११११११ चा, वर्ग केला. उत्तर १२३४५६७८९८७६५४३२१ आले आणि ते दोन्हीकडून सारखेच वाचता येते हे पाहून ती हरखून गेली. लगेच दहा एकांचा वर्ग केला, तर १२३४५६७९००९८७६५४३२१ आले. आपलीच बेरीज चुकली असे समजून तिने दोनदा तपासले, पण चूक सापडली नाही. असे का होते, आणि पहिल्या संख्येचे मूळ अवयव हाताने काढता येतील का?

उत्तर १
बेरीज बरोबरच आहे. नऊ एकांचा गुणाकार उभा मांडला की नऊ ओळी होतात आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकते. त्यामुळे उजव्या टोकाच्या रकान्यात एकच १, पुढच्यात दोन, असे वाढत मधल्या रकान्यात नऊ एक येतात आणि मग ते पुन्हा कमी होत जातात. उत्तरातला प्रत्येक अंक म्हणजे त्या रकान्यातल्या एकांची मोजणी आहे, म्हणून अंकांची बेरीजही ८१ येते. दहा ओळींत मधल्या रकान्याची बेरीज १० होते. ० लिहून हातचा १ पुढे जातो, तेथे आधीचे ९ असल्याने पुन्हा ० आणि हातचा १, आणि तो पुढच्या ८ ला मिळून ९ होतात. ‘७९००९’ हा तुकडा असा घडतो. सोळा अंकचिन्हांच्या पद्धतीत हाच डौल पंधरा एकांपर्यंत टिकला असता.

उत्तर २
अवयव हाताने निघतात. १११११११११ = १११ × १००१००१. यातले १११ म्हणजे ३ × ३७, आणि १००१००१ च्या अंकांची बेरीज ३ असल्याने ते ३ × ३३३६६७ होते. आता ३३३६६७ मूळ आहे का, हे पाहायचे; त्यासाठी ५७७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या तपासण्याची गरज नाही. ही संख्या ९९९९९९९९९ ला भागते, पण तिला ३ किंवा ३७ ने भाग जात नाही. त्यामुळे तिच्या कोणत्याही मूळ अवयवाला १८ ने भागले तर बाकी १ च उरली पाहिजे. अशा मूळ संख्या १९ पासून ५७७ पर्यंत सतराच आहेत आणि एकीनेही भाग जात नाही. म्हणून आपली संख्या = ३⁴ × ३७² × ३३३६६७², आणि तिचे एकूण विभाजक ५ × ३ × ३ = ४५. पूर्ण वर्ग असल्यामुळेच हा आकडा विषम आहे.

मला मात्र हिचे दुसरे रूप अधिक आवडते : ९९९९९९९९९ × १२३४५६७९. या दुसऱ्या अवयवात ८ नाही, हे मुलीला अवश्य दाखवा.

उत्तर ३
१, १२१, १२३२१ या मालिकेला देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांनी डेम्लो संख्या म्हटले. हे नाव त्यांनी मुंबईजवळच्या ज्या रेल्वे स्थानकावर ही कल्पना सुचली त्यावरून ठेवले. तेच आजचे डोंबिवली. मुलीला हेही सांगा : संख्या १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१ अशी तोडून दोन्ही भाग मिळवले, तर ९९९९९९९९९ येतात.

प्रश्नकर्ती
मनःपूर्वक आभार. तिने आत्ताच १२३४५६७९ पुढे नऊ शून्ये लिहून त्यातून १२३४५६७९ वजा केले, आणि शेवटचा हातचा सुटेपर्यंत तोंडातून शब्द काढला नाही. उत्तर तेच आले.