नवऱ्याचे खापरपणजोबा इंग्लंडहून आलेले शेतकरी, मूळ गाव कसं शोधायचं?

ओमाहाची_सून

नमस्कार मंडळी, इथे वंशावळीचं काम करणारे बरेच जण दिसतात म्हणून विचारतेय. माझा नवरा नेब्रास्काचा, सासरे आता ऐंशीच्या घरात आहेत आणि आपलं घराणं इंग्लंडात नेमकं कुठलं हे एकदा कळावं अशी त्यांची फार इच्छा आहे, आणि घरात या कामाचा किडा चावलेली मी एकटीच, त्यामुळे सगळं माझ्या गळ्यात.

जे हाताशी आहे ते सांगते. 1900 च्या सेन्ससमध्ये नेब्रास्कात शेतकरी म्हणून नोंद आहे, जन्म मार्च 1830, इंग्लंड, अमेरिकेत आले ते साल 1852, आणि नागरिकत्वाच्या रकान्यात नॅचरलाइज्ड. 1880 ला पण नेब्रास्कातच, वय 50. 1860 ला मात्र विस्कॉन्सिनच्या लाफायेट काउंटीत सापडले, तिथे वय 28 लिहिलंय (असो), बायको आणि विस्कॉन्सिनमध्येच जन्मलेली दोन वर्षांची मुलगी. 1870 चे सापडत नाहीत. 1860 च्या आधी तर काहीच नाही.

आडनाव लिहीत नाही पण इंग्लंडात कुठेही दगड भिरकावला तर या आडनावाच्या माणसालाच लागेल इतकं कॉमन, आणि पहिलं नाव जॉन-विल्यमच्याच पठडीतलं. घरची कथा अशी की ते यॉर्कशायरच्या एका लॉर्डचे धाकटे चिरंजीव, वडिलांशी भांडून निघाले. ऑनलाइन फॅमिली ट्रीजमध्ये कोणीतरी त्यांना यॉर्कशायरच्या एका जोडप्याला जोडून टाकलंय आणि बाकी सगळ्यांनी तेच उचललंय. मी 1851 च्या इंग्लंडच्या सेन्ससमध्ये शोधलं तर त्या नावाचे, जमेल अशा वयाचे तीन जण यॉर्कशायर आणि आसपास निघाले. न्यूयॉर्कच्या बोटींच्या याद्या बघून डोळे फुटायची वेळ आली. आता वाटतंय की त्या ट्रीमधल्या माणसाचं बर्थ सर्टिफिकेट मागवून टाकावं. बरोबर दिशेने चाललेय का?

दप्तरी

ताई, सर्टिफिकेटचे पैसे आधी वाचवा. इंग्लंड-वेल्समध्ये जन्माची सरकारी नोंदणी 1 जुलै 1837 ला सुरू झाली, तुमचा माणूस 1830 चा, म्हणजे त्याचं बर्थ सर्टिफिकेट असूच शकत नाही. त्या नावाने इंडेक्समध्ये सापडलंच तर तो दुसराच कोणीतरी. 1837 च्या आधीचं जे काही आहे ते चर्चच्या बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात. त्यातली एक चांगली गोष्ट म्हणजे 1813 पासून ही रजिस्टरं छापील रकान्यांची झाली आणि त्यात बापाचा धंदा आणि राहायचं ठिकाण लिहिणं आलं, तेव्हा 1830 च्या नोंदीत तुम्हाला बाप फार्मर होता की लेबरर हे एका ओळीत कळेल.

पण मुळात तुम्ही समुद्र फार लवकर ओलांडताय. कॉमन नावाचा माणूस इंग्लंडात शोधायला जायचा तर अमेरिकेतून बरोबर काहीतरी घेऊन जायला हवं, आई-बापाचं नाव, भावंड, गाव, काहीतरी. नुसतं नाव आणि अंदाजे वय घेऊन गेलात तर तीन सापडतील, उद्या सात सापडतील, आणि त्यातला जो आवडेल तो आपला. त्या ट्रीवाल्यांनी तेच केलंय.

तुमच्याच माहितीत एक धागा लोंबतोय. 1860 ला मुलगी दोन वर्षांची आणि विस्कॉन्सिनमध्ये जन्मलेली, म्हणजे लग्नही बहुतेक तिथेच 1857 च्या आसपास झालं असणार. विस्कॉन्सिनच्या त्या काळातल्या लग्नाच्या नोंदीत नवरा-नवरी दोघांच्या आईवडिलांची नावं बऱ्याच वेळा असतात. 1907 च्या आधीच्या नोंदींचा इंडेक्स विस्कॉन्सिन हिस्टॉरिकल सोसायटीच्या साइटवर फुकट शोधता येतो, बायकोच्या नावाने पण शोधा कारण तिचं नाव कदाचित कमी कॉमन असेल. ही नोंद मिळाली तर तीनपैकी निदान एक-दोन उमेदवार तिथल्या तिथे गळतील.

बोटींच्या याद्यांचा नाद सध्या सोडा. 1850 च्या दशकात न्यूयॉर्कच्या यादीत काय असतं तर नाव, वय 21, धंदा फार्मर किंवा लेबरर, देश इंग्लंड. संपलं. गाव नसतंच, त्यामुळे बरोबर ओळ सापडली तरी ती आपलीच हे सिद्ध कशावरून करणार? इंग्लंडच्या बाजूने सुटणाऱ्या प्रवाशांच्या सलग याद्या 1890 पासूनच्याच आहेत. आणि त्यावेळी विस्कॉन्सिनला जाणारे पुष्कळ लोक क्यूबेकला उतरून ग्रेट लेक्समार्गे यायचे, क्यूबेकच्या सलग याद्या 1865 पासून. म्हणजे 1852 चा माणूस कुठल्याच यादीत नसणं अगदी शक्य आहे.

खवचट_काका

लॉर्डचा धाकटा मुलगा! अमेरिकेत प्रत्येक इंग्लिश घराण्यात एक लॉर्ड असतोच, एवढे लॉर्ड असते तर इंग्लंडात शेती करायला माणूस उरला नसता. अहो 1841 किंवा 1851 चा सेन्सस उघडा, पानच्या पान नुसतं ‘ॲग लॅब’ ‘ॲग लॅब’, म्हणजे शेतमजूर. जमीन मूठभर लोकांच्या हातात, बाकीचे एकतर खंडाने कसणारे नाहीतर मजूर. 1830 च्या सुमाराला दक्षिणेत आणि पूर्वेत मजुरांनी मळणीयंत्रं फोडली, गंजी जाळल्या, त्यातले शेकडो जण ऑस्ट्रेलियाला पाठवले. 1834 च्या पुअर लॉनंतर (गरिबांना पोसण्याचा कायदा) काही पॅरिश, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतली गावं, स्वतःच्या खर्चाने गरिबांना परदेशी रवाना करत होत्या कारण आयुष्यभर पोसण्यापेक्षा ते स्वस्त. अशा देशातून निघालेल्या माणसाला जेव्हा कळतं की तिकडे सरकारी जमीन सव्वा डॉलर एकराने मिळते आणि ती आपल्या नावावर होते, तेव्हा त्याला निघायला लॉर्डशी भांडायची काय गरज?

सासऱ्यांना मात्र हे हळू सांगा :)

पेशी_आणि_पिढ्या

डीएनए टेस्ट अजून केली नसेल तर सासऱ्यांची करा, नवऱ्याची नको, सासरे एक पिढी जवळ आहेत त्यामुळे त्यांच्याकडे त्या खापरपणजोबांचा वाटा जास्त असणार. आणि त्यांचं वय बघता हे काम पुढे ढकलू नका. आमच्या नात्यात टेस्टमुळेच एक फांदी लिंकनशायरला जाऊन पोचली, तिथल्या एका बाईशी मॅच आली, म्हणजे डीएनएचा काही भाग जुळला, आणि तिचे पूर्वज त्याच पॅरिशचे निघाले.

दप्तरी

टेस्ट जरूर करा, पण इंग्लंडात राहिलेल्या शाखांमधले टेस्ट केलेले लोक अमेरिकेच्या मानाने कमी भेटतात, तुम्हाला मॅचेस येतील त्या बहुतेक नेब्रास्का आणि आयोवातल्या चुलत-मावस मंडळींच्या, ज्यांनी तोच चुकीचा ट्री चिकटवलेला असतो. साइट मग तुम्हाला आपोआप दाखवते की बघा तुमचा पूर्वज हाच. ते पुरावा म्हणून धरू नका. कागद आधी, मॅच नंतर.

बरं, मघाशी राहिलं ते आता लिहितो. 1851 मध्ये तो 20-21 वर्षांचा अविवाहित पोरगा आहे, शेतकी घरातला. हा आईबापांच्या घरात सापडेल अशी अपेक्षा ठेवू नका. यॉर्कशायर-लिंकनशायर पट्ट्यात तेरा-चौदा वर्षांची पोरं सालगडी म्हणून दुसऱ्याच्या शेतावर राहायला जायची, वर्षाच्या कराराने, खाणंपिणं मालकाच्या घरी, वर्ष संपलं की जत्रेत नवा मालक. म्हणून 1851 च्या सेन्ससमध्ये तो एखाद्या फार्मरच्या कुटुंबाखाली शेवटच्या ओळींत ‘फार्म सर्व्हंट’ म्हणून दिसेल, आईबापांचा पत्ता नाही. पण 1851 ला जन्माची पॅरिश लिहिलेली असते, ती उचला. मग त्या पॅरिशमध्ये 1841 चा सेन्सस बघा, तेव्हा तो 11 वर्षांचा असणार, बहुतेक घरीच. 1841 मध्ये 15 च्या वरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली ओढून लिहिली आहेत पण त्याच्या आतल्या मुलांची बरोबर असतात, फक्त नातं लिहिलेलं नसतं.

आणि दुसरं काम म्हणजे उमेदवार मारणे. गंमत नाही, खरंच सांगतोय. तिघांपैकी प्रत्येकाला 1861 च्या इंग्लंडच्या सेन्ससमध्ये शोधा, लग्नात शोधा, दफनात शोधा. जो 1861 ला तिथेच बायकापोरांसह बसलाय तो तुमचा नाही, कारण तुमचा तेव्हा विस्कॉन्सिनात आहे. ट्री जोडणाऱ्यांपैकी कोणी हे करतच नाही, सगळे फक्त जुळतंय का बघतात, मोडतंय का कोणीच बघत नाही.

बाप्तिस्मा पॅरिश चर्चमध्ये नाही मिळाला तर घाबरू नका, घराणं मेथडिस्ट (सरकारी चर्चपासून वेगळा पंथ) होतं का विचारा, त्यांची चॅपलची रजिस्टरं वेगळी असतात.

ओमाहाची_सून

बाप रे, एवढं सगळं! दप्तरी, लग्नाची नोंद मिळाली!! बायकोच्या नावानेच मिळाली, त्यांचं आडनाव कारकुनाने असं काही लिहिलंय की मी स्वतः ओळखलं नसतं. 1857, लाफायेट काउंटी. वडिलांचं नाव आहे, आईचं नुसतं पहिलं नाव आहे, जन्मठिकाण मात्र पुन्हा एकच शब्द, इंग्लंड.

पण ट्रीमधल्या जोडप्याची नावं ही नाहीतच! आई पण वेगळी, बाप पण वेगळा. मग त्या माणसाला 1861 मध्ये शोधलं तर तो अजून यॉर्कशायरमध्येच, सुतारकाम करतोय, दोन मुलं. म्हणजे इतकी वर्षं सगळी मंडळी एका सुताराला पूर्वज समजतायत. नणंदेने तर त्या गावाच्या चर्चचा फोटो फ्रेम करून दिवाणखान्यात लावलाय, आता तिला कोण सांगणार.

राहिले दोन. त्यातला एक लिंकनशायरचा आहे, तुम्ही म्हणालात तसाच एका शेतकऱ्याच्या घरी फार्म सर्व्हंट. दुसऱ्याचं काही कळत नाही. सासऱ्यांना लिंकनशायर म्हटलं तर म्हणाले नाही नाही, यॉर्कशायरच, माझे आजोबा नेहमी हलचं नाव घ्यायचे. घराणं मेथडिस्ट हे मात्र नक्की. टेस्टचं किट पण मागवलंय.

खवचट_काका

हल म्हणजे बंदर हो! हल यॉर्कशायरात, पण हंबर नदीच्या मुखाशी, पलीकडच्या काठाला लिंकनशायर. पलीकडच्या पोराला बोट हलहूनच धरावी लागली असेल, तिथून क्यूबेकला बोटी सुटायच्या. नातवंडांच्या लक्षात गाव राहिलं नसेल, बंदर राहिलं असेल. सिद्ध काही होत नाही यातून, पण लिंकनशायरवाल्याला बाद करायला हे कारण पुरत नाही एवढं खरं.

दप्तरी

काकांशी पहिल्यांदाच सहमत. लिंकनशायरवाल्याची पॅरिश धरा आणि 1841 मध्ये लग्नाच्या नोंदीतल्या बाप आणि आईच्या नावाचं घर तिथे आहे का बघा. फ्रीरेगवर पॅरिश रजिस्टरांचे उतारे फुकट आहेत, फॅमिलीसर्चवर पण बघा.

त्याच वेळी नेब्रास्काची बाजू उपसा, तुमच्या तर दाराशीच आहे. जमीन होमस्टेडची, म्हणजे राहून कसण्याच्या अटीवर सरकारने दिलेली असेल तर 1862 च्या कायद्याप्रमाणे 160 एकर, पाच वर्षं राहून कसायची, आणि परदेशी माणसाने पट्टा (मालकीचा सरकारी कागद) मिळेपर्यंत नागरिक झालेलं असलं पाहिजे. म्हणून फाइलमध्ये नागरिकत्वाच्या कागदाची नक्कल लावलेली असते, त्यावरून कळतं की कुठल्या कोर्टात झालं. 1906 च्या आधी कुठल्याही कोर्टात नागरिकत्व घेता यायचं त्यामुळे एरवी हे शोधणं म्हणजे वैताग असतो. त्या कागदात गाव मिळेल अशी आशा नको, बहुतेक ‘राणीवरची निष्ठा सोडतो’ एवढंच असतं. पण फाइलीत घर किती बाय किती फुटांचं, विहीर आहे का, किती एकर नांगरलं, हे सगळं शपथेवर लिहिलेलं असतं, सासऱ्यांना वाचून दाखवा, लॉर्डपेक्षा जास्त आवडेल.

आणि खरं सोनं म्हणजे साक्षीदार. दावा पक्का करायला शेजाऱ्यांची साक्ष लागायची. त्या साक्षीदारांची नावं उतरवा आणि विस्कॉन्सिनमध्ये 1860 च्या त्याच पानावर, आधीच्या-नंतरच्या पानावर ती आडनावं आहेत का बघा. माणसं एकटी हलत नव्हती. विस्कॉन्सिनपासून नेब्रास्कापर्यंत बरोबर आलेलं एखादं इंग्लिश कुटुंब निघालं तर ते बहुतेक मूळ गावचंच किंवा नात्यातलं, आणि त्यांचं आडनाव दुर्मिळ असेल तर गाव त्यांच्यामार्फत सापडेल. त्यांचे मृत्युलेख बघा, काउंटीच्या जुन्या इतिहासग्रंथांत शेतकऱ्यांची चरित्रं पैसे घेऊन छापायचे, त्यात जन्मगाव हमखास.

फाइल काढायला आधी ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या साइटवर नावाने पट्टा शोधा, फुकट आहे, त्यावरून टाउनशिप, रेंज, सेक्शन (म्हणजे मोजणीनुसार जमिनीचा पत्ता) आणि सर्टिफिकेट नंबर मिळतो. नेब्रास्काच्या होमस्टेड फाइल्स डिजिटाइझ झाल्यात, बिअट्रिसच्या होमस्टेड पार्कमध्ये पण चौकशी करा, ओमाहाहून गाडीने जाऊन येण्यासारखं आहे. 1880 च्या सेन्ससचं शेतीचं वेगळं वेळापत्रक पण सोडू नका, आपल्या सातबाऱ्यापेक्षा भारी, कसलेली एकरं, गाई, कोंबड्या, वर्षभरात किती पौंड लोणी आणि किती अंडी, सगळं.

ओमाहाची_सून

पट्टा सापडला! दोन आहेत, एक होमस्टेडचा आणि दुसऱ्यावर टिंबर कल्चर लिहिलंय, हे काय?

दप्तरी

1873 चा कायदा. माळरानावर झाडं लावून जगवली की आणखी 160 एकरांपर्यंत जमीन. त्याची फाइल वेगळी निघेल, साक्षीदारही कदाचित वेगळे. दोन्ही मागवा आणि चारही नावं इथे टाका, 1860 चं पान मी पण उघडून बसतो.