वडिलांच्या आठवणी लिहिताना त्यांच्या पडत्या काळाविषयी लिहावे का?

कातरवेळ:
माझ्या वडिलांना जाऊन लवकरच एक वर्ष होईल. त्या निमित्ताने त्यांच्या आठवणींची एक छोटी पुस्तिका घरच्यांपुरती छापावी, असे आम्हा भावंडांनी ठरवले आणि लेखनाचे काम माझ्याकडे आले. ते ज्या परिस्थितीतून वर आले, त्याचा आम्हा सर्वांना अभिमान आहे. परंतु मधल्या काळात त्यांचा व्यवसाय बुडाला, दोन-तीन वर्षे ते कोणाशी धड बोलत नसत आणि त्यांच्या रागाची झळ आम्हा मुलांनाही लागली. तो भाग वगळून केलेला मसुदा वाचला, तेव्हा त्यातला माणूस मला ओळखीचाच वाटेना. दादाचे म्हणणे असे की, गेलेल्या माणसाचे उणे काढू नये आणि नातवंडांनी आजोबांविषयी चांगलेच वाचावे. आपणांस काय वाटते?

जुनी वही:
नातवंडांचाच विचार करायचा, तर तो भाग अवश्य यावा. अमेरिकेतील एमरी विद्यापीठातील मार्शल ड्यूक आणि रॉबिन फायवुश या मानसशास्त्रज्ञांनी, मुलांना आपल्या कुटुंबाविषयी कितपत ठाऊक आहे हे पाहण्यासाठी २० प्रश्न तयार केले होते. आईवडिलांची भेट कशी झाली, इथपासून घरावर कोणते वाईट प्रसंग आले, इथपर्यंतचे ते प्रश्न होते. ज्यांना अधिक उत्तरे ठाऊक होती, त्या मुलांचा आत्मसन्मानही अधिक असल्याचे त्यांना आढळले. (केवळ उत्तरे पाठ करून घेतल्याने असे होते, असा मात्र त्यांचा दावा नाही, घरात मोकळेपणाने बोलले जाते, हे त्यामागचे खरे कारण असावे.) ‘आपण सतत वरच चढत गेलो’ या कथेपेक्षा ‘आपण पडलो, सावरलो आणि एकत्र राहिलो’ ही कथा मुलांना अधिक बळ देते, असे ड्यूक यांचे मत आहे. आपल्या वडिलांची कथा याच प्रकारची दिसते.

सावली:
मी थोडे वेगळे मत मांडते. आपल्या आई हयात असतील, तर त्या काळाचा सर्वांत मोठा भार त्यांनी वाहिला असणार, आणि तो छापावा की नाही हे ठरवण्याचा पहिला अधिकार त्यांचा आहे. तोंडी सांगताना समोरच्याचा चेहरा पाहून आपण थांबू शकतो. छापील अक्षराला ती सोय नाही. शिवाय व्यवसाय बुडणे हा दोष नव्हे. तो आणि राग यांना एकाच माळेत ओवू नये.

टिपणकार:
मसुदा सर्वांना वाचायला देण्याआधी प्रत्येकाकडून त्या काळाविषयी स्वतंत्रपणे लिहून घ्यावे. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखवून दिले होते की, माणूस ऐकलेली गोष्ट आठवून सांगताना ती जशीच्या तशी सांगत नाही, तर आपल्या समजुतीप्रमाणे पुन्हा रचतो. एकत्र बसून आठवणी काढल्या की मोठ्याने बोलणाऱ्याची आठवण हळूहळू सर्वांचीच होऊन बसते, आणि आपल्याकडे तो आवाज दादांचा असावा, असा माझा अंदाज आहे. ‘कष्टाळू’, ‘शिस्तप्रिय’ अशी विशेषणे न मागता एकेक प्रसंग मागावा. ती विशेषणे कोणाच्याही वडिलांना लागू पडतात.

कातरवेळ:
सर्वांचे आभार. दादाने आधी नकार दिला आणि चार दिवसांनी दीड पान लिहून पाठवले. माझ्या आठवणीत त्या वर्षांतले बंद दार आहे. त्याच्या आठवणीत, देणेकऱ्यांपुढे मान खाली घालून मुदत मागणारे आणि घरी परतताना त्याचा हात धरून चालणारे वडील आहेत. यातले मला काहीच ठाऊक नव्हते. दोन्ही पाने समोरासमोर छापणार आहोत. आईने दोन्ही वाचली आणि माझ्या पानावरचे एक वाक्य खोडले. का, ते मी विचारले नाही.