‘दारिद्र्यात बसणे’: तुमच्याकडे म्हणतात का?

रानवाट:
परवा सेतूत उत्पन्नाच्या दाखल्यासाठी लाईनीत उभा होतो, पुढं दोन बाया बोलत होत्या. एक म्हणली, "तुमी दारिद्र्यात बसता का?" तर दुसरी अगदी हळहळून, "न्हाय ना, जाऊबाईचं बसलं, आमचं उडालं." मला आधी हसू आलं, मग डोक्यात किडा वळवळायला लागला. शाळेत आपण ‘दारिद्र्य येणे’, ‘अठरा विश्वे दारिद्र्य’ वगैरे शिकलो, म्हणजे दारिद्र्य माणसावर कोसळतं. इथं माणूस त्यात ‘बसतो’, जसं एस्टीत जागा मिळावी तसा, आणि नाही बसला तर वाईट वाटतं. हा वापर कधीपासूनचा आणि कुठंकुठं ऐकलाय?

शुद्धलेखनप्रेमी:
मूळ शब्द दारिद्र्यरेषेखालील असा आहे. दारिद्र्यात बसणे हे चुकीचं मराठी आहे, इतकंच.

रानवाट:
चुकीचं कसं दादा, अख्खा तालुका बोलतो. आणि ‘बसणे’ म्हणजे मापात मावणे हा अर्थ जुनाच की, चप्पल बसते, नियमात बसतं. बायांनी फक्त माप कुणाचं ते बरोबर ओळखलंय.

काजूबोंडू:
आमच्याकडे कोकणात "यादीत नाव हा" एवढंच, यादी कसली ते सांगावं लागत नाही.

पिंपळपान:
मी ग्रामपंचायतीत काम केलंय म्हणून सांगते. २००२ च्या दारिद्र्यरेषेच्या सर्व्हेत १३ प्रश्न होते, प्रत्येकाला ० ते ४ मार्क, एकूण ५२. जमीन किती, घर कसलं, माणशी कपडे किती, दोन वेळचं जेवण मिळतं का, संडास आहे का, कर्ज कुणाचं, असं सगळं. जितके मार्क कमी तितका माणूस गरीब. म्हणजे गावातली ही एकच परीक्षा जिच्यात नापास होणारा पास! लोक आमच्याकडे येऊन भांडायचे की मला जास्त मार्क का दिले. एक म्हातारे बाबा तर पोरानं सणाला घेतलेला सदरा काढून पिशवीत घालून आले होते, म्हणाले आता मोज कपडे. यादी लागली की ‘दारिद्र्याचा नंबर’ मिळायचा आणि तो नंबर लोकांना तोंडपाठ असायचा, घरकुलाला तोच, दवाखान्यात तोच. त्यामुळे तुमच्या त्या बाईचं "उडालं" मला लगेच कळलं, नाव यादीतून उडतं, गरिबी कुठं उडते.

जुनी_पोथी:
व्युत्पत्तीत थोडी गंमत आहे. दरिद्र हा संस्कृत शब्द द्रा म्हणजे पळणे या धातूवरून, मूळ अर्थ इकडेतिकडे भटकणारा. आणि गरीब हा अरबी, त्याचा मूळ अर्थ परका, परदेशी. दोन वेगळ्या भाषा पण दोघींनाही गरीब म्हटलं की ज्याला धड ठिकाण नाही असा माणूस आठवला. आता त्याच माणसाकडे रहिवासी दाखला मागतात तो भाग वेगळा!

दुसरं म्हणजे मराठीत या दोघांची इज्जत सारखी नाही. गरीब गाय, गरीब स्वभावाचा, यात माया आहे. दरिद्री ही मात्र शिवी, पैसेवाल्या चिक्कू माणसालाही लागते. सरकारनं नेमका शिवीकडचा शब्द उचलला आणि लोकांनी त्याचं सर्टिफिकेट करून टाकलं.

शुद्धलेखनप्रेमी:
पण रेषा या शब्दाचं श्रेय अर्थशास्त्राला द्या. पुण्यात गोखले इन्स्टिट्यूटमधले दांडेकर आणि रथ यांनी १९७१ मध्ये मांडणी केली, रोजच्या २२५० कॅलरी मिळायला किती खर्च येतो त्यावरून, ग्रामीण भागात १९६०-६१ च्या किमतीला महिना माणशी १५ रुपये. नंतर सरकारी तेंडुलकर समितीच्या पद्धतीनं २०११-१२ साठी ही रेषा खेड्यात माणशी रोज २७ आणि शहरात ३३ रुपये खर्चाची निघाली आणि त्यावरून केवढा गदारोळ झाला.

पिंपळपान:
बरोबर, पण ती रेषा देशात गरीब किती ते मोजायची, कोण ते नाही. कोण ते आमच्या यादीत. आणि रेशन कार्डाचं गणित तिसरंच, १९९९ ला तीन रंग आले तेव्हा पिवळ्याला वर्षाचं उत्पन्न १५ हजारांच्या आत, केशरी १ लाखापर्यंत, त्यावर पांढरं. पंधरा हजार म्हणजे दिवसाला ४१ रुपये, ते पण अख्ख्या घराचे. म्हणून गरीब असून दारिद्र्यात न बसणारे ढीगभर, आणि ट्रॅक्टर असून बसलेले पण मी पाहिलेत.

रानवाट:
म्हणजे दोन वेगळे शब्दच झाले की हे. गरिबी घरात असते, दारिद्र्य तहसीलला.

काजूबोंडू:
‘श्रीमंतीत बसणे’ कोणी ऐकलाय?

जुनी_पोथी:
नाही. पण क्रिमीलेअरमध्ये, म्हणजे ओबीसींतल्या आरक्षण न मिळणाऱ्या सधनांत बसतात, आणि तिथं न बसण्यासाठी धडपड असते. त्याची मर्यादा वर्षाला ८ लाख, आणि ईडब्ल्यूएसवाला ‘आर्थिकदृष्ट्या दुर्बल’ पण ८ लाखांच्या आतलाच. पिवळ्या कार्डाचे १५ हजार शेजारी ठेवून बघा, दुर्बल शब्द किती ऐसपैस आहे.

रानवाट:
माझा दाखला आला, ६० हजार लिहिलंय. केशरीच. आई विचारतेय, "मग आपण कशात बसलो?"